चाळीस रुपयांचे पाणी

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका सेवाभावी संस्थेने पंचविशीची स्मरणिका काढायचे ठरवले. तालुक्यातल्या स्वयंसेवेचा इतिहास आठ पानांत लिहून द्या, असा निरोप घेऊन संस्थेचे सचिव माझ्याकडे आले. मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. अकरावीनंतर शिक्षण सुटले. महाडच्या बाजारात बाइंडिंगचे दुकान टाकले आणि लोकांनी बांधायला दिलेली जुनी पुस्तके, वह्या, अहवाल वाचत वाचत जे काय शिकलो ते शिकलो. तरीही मी हो म्हटले. दोन महिने खपून आठ पाने लिहिली. पंधरा दिवसांनी सचिव परत आले. तिसऱ्या पानावर पेन्सिलीची तिरपी रेघ मारलेली होती. ‘एवढे पान गाळू या,’ ते संकोचून म्हणाले. ‘बाकी सगळे उत्तम आहे. पण हा विषय सेवेचा नाही, चळवळीचा आहे.’

तिसऱ्या पानावर १९२७ सालचे महाड होते.

सचिव माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांच्याविषयी पुढे सांगणारच आहे. त्यांचा आक्षेपही मला अगदीच टाकाऊ वाटला नाही. सेवा कुठे संपते आणि चळवळ कुठे सुरू होते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्यांना दुकानात उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे तेच उत्तर आहे.

१

स्मरणिकेसाठी संस्थेची पंचवीस वर्षांची वार्तापत्रे माझ्याकडे आली होती. अशी वार्तापत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांना त्यांतला मजकूर नव्याने सांगायला नको. पदग्रहण समारंभ, वृक्षारोपण, रक्तदान शिबिर, नेत्रतपासणी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, वह्यावाटप, उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर. प्रत्येक बातमीत पाहुण्यांची नावे पदासकट असतात. ज्यांना काही मिळाले त्यांचा आकडा असतो, आणि त्या आकड्याला ‘लाभार्थी’ असा एक शब्द असतो.

चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. जगभरच्या रोटरी आणि लायन्स क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होते. त्यांचे पाहून आमच्याकडच्या पुष्कळ संस्थांनीही तोच शिरस्ता धरला. म्हणजे नवा अध्यक्ष खुर्चीवर बसतो तो नेमका कोकणातला पाऊस लागलेला असताना. आता या भागाच्या तारखा पाहा. २५ आणि २६ जुलै २००५ : महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडीवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ : रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. २८ जुलै २०१८ : आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. २२ जुलै २०२१ : तळीये गावावर डोंगर आला, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या, महाड शहर पुरात बुडाले. अध्यक्षाच्या गळ्यातला हार सुकतो न सुकतो तोच परीक्षा समोर उभी राहते.

आणि या चारही वेळी वार्तापत्राची भाषा बदललेली दिसते. ‘लाभार्थी’ हा शब्द पाना-दोन पानांपुरता गायब होतो. तो का गायब होतो, हे शोधताना मी मागे मागे जात १९२७ ला पोचलो, आणि तिथूनही आणखी मागे.

२

सेवाभावी क्लबांचा इतिहास सांगायचा तर सगळे शिकागोपासून सुरू करतात. ते चूक नाही. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तिथे रोटरीची पहिली बैठक भरवली. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बसायचे म्हणून ‘रोटरी’. सुरुवातीला हेतू आपसातल्या ओळखीचा आणि व्यवसायाचाच होता. दोन वर्षांनी, १९०७ मध्ये, त्यांनी पहिले लोकोपयोगी काम हाती घेतले ते शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधून घेण्याचे. १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांनी लायन्सची स्थापना केली. भारतात रोटरी प्रथम कलकत्त्यात आली, मुंबईत १९२९ मध्ये. लायन्सचा पहिला भारतीय क्लब मुंबईत १९५६ चा.

पण महाडच्या माणसाला शिकागोपर्यंत जायची गरज नाही. उत्तरेला शेजारचा माणगाव तालुका लागतो, त्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी. जन्म १८७९. गोखल्यांच्या भारत सेवक समाजात ते १९०९ मध्ये दाखल झाले आणि १९११ मध्ये मुंबईत त्यांनी सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. मुंबईत रोटरी यायच्या अठरा वर्षे आधी. लीगच्या कामांची यादी आजच्या कुठल्याही क्लबाच्या अहवालाशेजारी ठेवावी : दिवसाच्या आणि रात्रीच्या शाळा, वाचनालये, औषधोपचार, व्यायामशाळा, सहकारी पतपेढ्या, मुलांची मंडळे, चाळीतल्या कुटुंबांच्या सहली, निरक्षरांना पत्रे लिहून देणे, गरिबांना कायद्याचा सल्ला. हे सारे गिरणगावात चालले होते. गिरणगावात निम्मे कोकण राहत होते, म्हणजे आमचीच माणसे ती.

यादीतली शेवटची दोन कामे जरा थांबून वाचावीत. कामगाराचे पत्र लिहून देणाऱ्याला त्याच्या घरची अडचण कळते. कोर्टाची पायरी चढणाऱ्याला सल्ला देणाऱ्याच्या लक्षात येते की यातल्या निम्म्या अडचणी औषधाने किंवा वहीने सुटणाऱ्या नाहीत. जोशी १९२० मध्ये आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढे होते, त्यामागे मला हे नऊ वर्षांचे पत्रलेखन दिसते. सेवेतून चळवळ निघते ती अशी. कुणी ठरवून ती काढत नाही.

परळचा दामोदर हॉल या लीगचा. याच हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलावलेली सभा झाली आणि तिच्यातून पुढे बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. बाबासाहेबांची कचेरीही काही काळ तिथेच होती. लीगच्या कार्यकर्त्यांपैकी अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. ती आता महाडला येणार आहेत.

३

गाळलेले तिसरे पान ते हे.

मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला : सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अशी ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर कुणी गेले नाही, कारण जाण्याची सोय नव्हती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणाने तिच्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. स्थानिक बाजूने सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस पाठीशी होते आणि लीगचे चित्रे व्यवस्थेत होते. परिषदेला हजारो माणसे आली. मंडप, स्वयंपाक, राहण्याची सोय, लोकांची ने-आण : शिबिर म्हणून आज आपण जे करतो ते सगळे तिथे स्वयंसेवकांनी केले. एका गोष्टीची मात्र सोय होत नव्हती, ती पाण्याची. गावात तळे भरलेले होते. परिषदेला लागणारे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. धनंजय कीर यांनी आंबेडकरांच्या चरित्रात त्याची रक्कम नोंदवली आहे : चाळीस रुपये.

हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा बांधायला आलेले पुस्तक बाजूला ठेवून बसून राहिलो होतो. जमाखर्चाच्या वह्या बांधण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण मला मोर्च्याच्या वर्णनापेक्षा ही नोंद जास्त बोलते. ती कुणीतरी वहीत मांडली असेल. नावे रकान्यात, चाळीस रुपये, पाण्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी चित्र्यांनी सुचवले की नगरपालिकेचा ठराव आहेच, तर तो अमलात आणल्यावाचून पांगू नये. मग सगळे रांगेने तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले आणि मागोमाग साऱ्यांनी. पुढचे सर्वज्ञात आहे. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’ झाली. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली तेव्हा जागा मिळेना. फत्तेखान या स्थानिक मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे होते सोशल सर्व्हिस लीगचे सहस्रबुद्धे. तळ्यावर जायला न्यायालयाची मनाई होती, म्हणून सत्याग्रह थांबवून खटला लढवला गेला. उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला, अस्पृश्यांच्या बाजूने. दहा वर्षांनी.

त्या डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आजवर ते प्यायलो नाही म्हणून मेलोही नाही. आपण जातो ते आपणही माणसे आहोत हे ठरवण्यासाठी. पाणी मिळणे आणि पाण्यावर हक्क असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही. चाळीस रुपयांचे पाणी तहान भागवणारेच होते. एखाद्या दयाळू सावकाराने ते फुकट दिले असते तरी तळे बंदच राहिले असते.

म्हणून सचिवांना माझे म्हणणे असे की १९२७ हा सेवेच्या इतिहासाबाहेरचा विषय नाही. सेवा करणाऱ्या माणसांनीच तो घडवला. पाणी पुरवता पुरवता ते बंद का आहे, हे विचारायला ती थांबली, एवढेच.

४

हा प्रश्न सवर्णांनाच किंवा आपल्याच देशाला लागू आहे असे नाही. ज्या क्लबांचे आपण अनुकरण करतो त्यांनाही तो चुकला नाही. रोटरीमध्ये स्त्रियांना सभासदत्व नव्हते. त्या शिबिरांत राबत, स्वयंपाक पाहत, त्यांच्यासाठी वेगळी मंडळे असत. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि १९८९ मध्ये संघटनेने जगभरासाठी आपला नियम बदलला. आज त्याच क्लबांत बायका अध्यक्ष होतात आणि कुणाला काही वाटत नाही.

आता घरचे सांगतो. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. कशेडीच्या पायथ्याच्या आमच्या गावाची मुंबईत गावकीची खोली होती. दिवसपाळीची माणसे रात्री झोपत, रातपाळीची दिवसा. दर महिन्याला वर्गणी. कुणी मेले तर प्रेत गावी न्यायचा खर्च, कुणाची गिरणी सुटली तर खाणावळीचे पैसे, गावात देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची कौले, साकव, विहीर. पोलादपूर-महाडकडची कुठलीही वाडी घ्या, तिच्या शाळेच्या भिंतीत चाकरमान्यांची वर्गणी आहे. कुठल्याही क्लबाने या तालुक्यांत जेवढे काम केले असेल त्याच्या कितीतरी आधी हे काम झाले, आणि ते करणाऱ्यांनी कधी कुणाला लाभार्थी म्हटले नाही. गावात कुणाघरी मयत झाली की प्रत्येक घरातून लाकूड जाते. त्याला कुणी मदत म्हणत नाही, रीत म्हणतात.

मंडळाच्या वह्या वडिलांकडे असत. १९६८ च्या वहीत विहिरीच्या वर्गणीची टीप आहे, वडिलांच्या वळणदार अक्षरात. चौतीस नावे आणि प्रत्येकापुढे रक्कम : पाच, सात, अकरा. मग एक ओळ कोरी. तिच्याखाली : ‘खालच्या वाडीकडून एकत्रित, रु. ५५.’ नावे नाहीत.

खालची वाडी म्हणजे बौद्धवाडी. विहीर झाली. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या मुलखात मार्च-एप्रिलला झरे आटतात, तेव्हा ती विहीर म्हणजे गावाचा प्राण. खालच्या वाडीने तिच्यावर पाणी भरले का? मी लहान असताना भरत नव्हती, हे मला आठवते. त्या बायका पऱ्ह्यातल्या डबक्यावर जात. चवदार तळ्याच्या निकालाला तेव्हा तीसहून अधिक वर्षे झाली होती आणि महाड आमच्यापासून तासाभराच्या एसटीवर होते. पंचावन्न रुपये मात्र जमा झाले होते. वडील वाईट नव्हते. मंडळाचा एक पैसा त्यांनी कधी इकडचा तिकडे केला नाही. ती कोरी ओळ त्यांनी सोडली, कारण तशीच ओळ सोडायची असते असे त्यांना वाटत होते.

५

आता त्या गायब होणाऱ्या शब्दाकडे परत येतो.

पोलादपूर सोडून खेडच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात महामार्ग कशेडी घाट चढू लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये भोगावजवळून बोगद्याची एक बाजू गणपतीच्या गाड्यांसाठी खुली झाली. सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा घाटाची वळणे टाळून पलीकडे नेतो. त्याआधीच्या काळात या वळणांवर ट्रक उलटला, एसटी कठड्याला लटकली की पहिले कोण पोचत असे? भोगाव, धामणदेवी, कशेडी इथली जवळच्या वाडीतली पोरे. कुणाकडे दोरी, कुणाकडे बॅटरी, कुणाच्या घरची घोंगडी. जखमीला उचलताना कुणी त्याची जात विचारल्याचे मी ऐकले नाही. रक्ताने माखलेल्या माणसाला पाणी पाजताना भांडे कुणाच्या घरचे हेही कुणी पाहिले नाही.

२०१६ च्या त्या रात्री पूल गेल्याचे ध्यानात येताच जवळच्या गॅरेजमधल्या माणसाने पुढच्या गाड्या अडवल्या, म्हणून आणखी गाड्या नदीत जायच्या वाचल्या. नंतरचे कित्येक दिवस सरकारी पथकांबरोबर खाडीकाठची माणसे होड्या घेऊन शोधत होती. २०१८ ला आंबेनळीच्या दरीत महाबळेश्वर, पोलादपूर, महाडकडचे गिर्यारोहक तरुण दोर लावून उतरले. धुके, पाऊस, सुटे दगड, आणि वर आणायची ती प्रेते. बसमधला एकच जण वाचला होता. हे तरुण कुठल्याही पदावर नव्हते. २०२१ ला तळीयेचा रस्ता पाण्याने आणि दरडींनी बंद झालेला असताना मातीखाली हात घालणारे पहिले हात गावाचेच होते. तिथे ऐंशीहून अधिक माणसे गेली.

अशा वेळी देणारा आणि घेणारा यांतले अंतर राहत नाही. आज माझ्या घरावर आहे, उद्या तुझ्या. म्हणून वार्तापत्रातूनही तो शब्द निघून जातो. क्लबांच्या कामातही याचे एक मोठे उदाहरण आहे, ते पोलिओचे. रोटरीने १९८५ मध्ये ते जगभर हाती घेतले. भारतात शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. प्रत्येक मुलाला दोन थेंब, धनगरवाडीवर असो की बंगल्यात. एक मूल वगळले तर सगळ्यांनाच धोका, म्हणून कुणालाच वगळता येत नव्हते. ज्या कामात कुणाला वगळता येत नाही, ते काम पुरे होते.

२०२१ च्या पुरात माझे दुकान छतापर्यंत बुडाले. पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल होता. त्या चिखलात तिसऱ्या दिवशी जी माणसे फावडी घेऊन आली त्यांत हेच सचिव होते. चार दिवस त्यांनी आणि त्यांच्या पोरांनी बाजारातली दुकाने उपसली. वडिलांच्या वह्या लगदा व्हायच्या बेतात होत्या. सचिवांनी त्या आपल्या घरी नेल्या, पानापानात वर्तमानपत्राचे कागद घातले, पंख्याखाली आठवडाभर वाळवल्या आणि आणून दिल्या. विहिरीच्या वर्गणीचे पान आज वाचता येते ते त्यांच्यामुळे. तेव्हा त्यांनी मला लाभार्थी म्हणून फोटोला उभे केले नाही.

स्मरणिका माझ्या लेखाशिवाय निघाली. छपाई चांगली झाली होती. बांधणी मीच केली, आणि त्यावरून आमच्यात वितुष्ट आलेले नाही. हा अंक निघाला की त्यांना एक प्रत देणार आहे. त्यांनी पेन्सिलीने गाळलेले पान इथे शाईत आले आहे.

मीही एक काम हाती घेतले आहे. १९६८ च्या त्या पानाची कोरी ओळ मला भरून काढायची आहे. पावसाळ्याआधी सहा-सात वेळा खालच्या वाडीत गेलो. पंचावन्न रुपये कुणाकुणाचे होते, हे विचारत फिरलो. जुनी माणसे थोडी उरली आहेत. एक आजी म्हणाल्या, ‘आमच्या धन्याने दोन दिले होते. त्या महिन्यात चहा सोडला होता त्याने.’ आतापर्यंत नऊ नावे मिळाली आहेत. ती वहीत वडिलांच्या अक्षराखाली, रकमेसकट, माझ्या अक्षरात लिहिली आहेत. उरलेल्यांसाठी दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे.